पिसायचं काम माझ्याकडे होतं

२०११ ची गोष्ट आहे. मी तेव्हा डोंबिवलीला राहायचो, नोकरी फोर्टात, आणि सकाळच्या सीएसटी फास्टमध्ये आमचा एक ग्रुप होता, मेंढीकोटचा. खेळणारे चौघं, समोरासमोरच्या सीटवर दोन-दोन, मधे त्यांच्यातल्या एका काकांची ऑफिसची बॅग मांडीवर आडवी, तिच्यावर आदल्या दिवशीचा पेपर पसरलेला. मी पाचवा, ग्रुपमधला सगळ्यात नवा आणि वयाने सगळ्यात लहान, म्हणजे ठाण्यानंतर कोणी उठलं तर बसायला मिळणार, नाहीतर दोन सीटच्या मधल्या जागेत पाठ टेकवून उभा. पाठ टेकली की दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे पत्ते पिसायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. हरणाऱ्याने पिसायचं असा खरा नियम, पण गाडीत कोण एवढं बघतंय. मी पिसायचो आणि कॅट काकांच्या हातात द्यायचो, काका वाटायचे, कारण बॅग त्यांच्या मांडीवर. आधी पाच-पाच, मग चार-चार, मग परत चार-चार. कट वगैरे कोणी करायचं नाही, घाटकोपर यायच्या आत एक डाव तरी जास्त व्हावा ही सगळ्यांची घाई.

ज्यांनी मेंढीकोट खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की यात दश्श्यांना महत्त्व. दश्शी म्हणजे मेंढी. चार मेंढ्या, ज्या जोडीने जास्त पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर कोट. आणि पकडलेली मेंढी बाकीच्या हातांबरोबर, म्हणजे जिंकलेल्या पानांबरोबर, ठेवत नाहीत, वेगळी, सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या पावसाळ्यात काकांना मेंढ्या फार यायला लागल्या. कधी तीन, कधी चारच्या चार. आधी सगळे हसायचे, काका आज सिद्धिविनायकाला जाऊन आलात काय वगैरे. मग हसणं कमी झालं. पैशाने आम्ही खेळायचो नाही, हरलेल्या जोडीने शुक्रवारी सगळ्यांना वडापाव द्यायचा एवढंच, पण खेळ खेळ असतो आणि रोज हरणाऱ्याला तो रोज टोचतो. कोणीतरी म्हणालं, पारसिकच्या बोगद्यात अंधार होतो तेव्हा बघ. मग बोगदा आला की दोघं-तिघं काकांच्या हातांकडेच बघायचे, मीही बघायचो. काका बिचारे पत्ते वाटत असायचे, अंगठ्याला जिभेचं पाणी लावून, जसे रोज वाटायचे तसेच. आणि एका गुरुवारी, मुंब्रा मागे पडल्यावर, समोरच्याने पानं पेपरवर टाकली आणि म्हणाला, काका, तुमच्या वाटण्यात काहीतरी आहे, आम्ही काय बोलत नाही म्हणून. काकांनी काहीच उत्तर दिलं नाही. पानं गोळा केली, डबीत घातली, पेपराची घडी केली आणि सीएसटी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या डब्यात चढले. नंतर कधीच आमच्यात आले नाहीत.

मी गप्प बसलो. त्या वेळी मला वाटलं होतं, असेलही, आपल्याला काय माहीत. म्हणजे चौतीस वर्षं नोकरी केलेल्या, कधी कोणाची सीट न मारलेल्या माणसाबद्दल मला असं वाटू शकलं, हे मला आजही नीट पचलेलं नाही.

खरं काय झालं होतं ते कळायला मला आठ वर्षं लागली, आणि ते मला सांगितलं माझ्या भाच्याने, त्याला न कळता.

हा भाचा मॅजिक: द गॅदरिंग नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. प्रत्येकाचा स्वतःचा कॅट, साधारण ६० पानांचा, त्यातली २४ वगैरे पानं जमिनीची, म्हणजे ती आली तरच बाकीची पानं खेळता येतात. जमिनी आल्याच नाहीत तर तुम्ही बसून राहणार, नुसत्या जमिनीच आल्या तरी बसूनच राहणार. एका रविवारी त्याला स्पर्धेला घेऊन गेलो होतो, मुंबईतल्याच एका छोट्या हॉलमध्ये, वीस-पंचवीस पोरं, प्रत्येक पानाला प्लॅस्टिकचं कव्हर. मला खेळातलं काही कळत नव्हतं म्हणून मी हात बघत होतो. आणि मला एक गोष्ट दिसली जी मी आयुष्यात कुठल्याच पत्त्यांच्या डावात बघितली नव्हती. भाच्याने स्वतःचा कॅट पिसला, पिसला, परत पिसला, आणि मग समोरच्या पोराला दिला. आणि त्या पोराने तो परत पिसला. नुसता कट नाही, सगळा पिसला. मग त्याचा कॅट भाच्याने. दोघंही शांतपणे, जणू चहाचा कप एकमेकांना देतायत.

परत येताना मी विचारलं, अरे तुमचा एकमेकांवर विश्वास नाही का. तो म्हणाला, मामा, विश्वासाचा काय संबंध, नियमच तसा आहे, कुठलं पान कुठे आहे हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसलं पाहिजे. आणि मग त्याने मला ते दुसरं सांगितलं. काही जण म्हणे खेळाआधी पानं लावून घेतात, दोन साधी, एक जमीन, दोन साधी, एक जमीन, छान वेणी घातल्यासारखी, आणि मग वरवर पिसतात. त्यांना वाटतं आपण काही चूक करत नाही, फक्त जमिनींचे ढीग मोडतोय. पण नंतर नीट पिसलं तर त्या वेणीचा काहीच उपयोग उरायला नको, आणि उपयोग होत असेल तर नीट पिसलेलंच नाही. म्हणून तिकडे ते चालत नाही, हेतू काही का असेना, आणि मुद्दाम केलं तर फसवणूक धरतात. पानं टेबलावर ढिगाढिगाने मांडणं सुद्धा डावाआधी एकदाच चालतं, तेही मोजण्यासाठी. ढीग मांडणं म्हणजे पिसणं नव्हे, जागा बदलणं आहे, आणि कुठली जागा कुठे गेली हे सांगता येतं.

कुर्ला गेलं, विद्याविहार गेलं, आणि मला एकदम त्या मेंढ्या आठवल्या. समोर वेगळ्या ठेवलेल्या मेंढ्या. डाव संपला की मी सगळे हात गोळा करायचो आणि शेवटी त्या चार मेंढ्या उचलून वर ठेवायचो.

घरी आल्यावर डायनिंग टेबलवर बसलो. चार दश्श्या वर ठेवल्या आणि गाडीत पिसायचो तसं पिसलं. आपल्याकडे बहुतेक सगळे पिसतात तसंच, कॅट उजव्या हातात उभा धरायचा आणि डाव्या अंगठ्याने वरून थोडी थोडी पानं ओढून घ्यायची, एकावर एक. मी हे गाडीत तीनदा करायचो, कायम तीनदाच, सवय. आणि माझा अंगठा पहिल्यांदा जेमतेम चार-पाच पानं ओढतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. वरची चार पानं पहिल्यांदा ओढली गेली की ती नव्या गठ्ठ्याच्या तळाशी जाणार. दुसऱ्या फेरीत तळाची परत वर येणार. तिसऱ्या फेरीत पुन्हा तळाशी. म्हणजे मी काकांच्या हातात जो कॅट द्यायचो त्याच्या तळाशी, एकमेकांना चिकटून, त्या चार मेंढ्या. आणि पाच-चार-चार अशी वाटणी केली की तळाची शेवटची चार पानं कोणाला जातात? वाटणाऱ्याला.

त्या रात्री मी हे परत परत करून बघितलं. निम्म्याहून जास्त वेळा वाटणाऱ्याकडे तीन किंवा चार मेंढ्या. नीट पिसलेल्या कॅटमधून एखाद्या ठरावीक माणसाकडे चारही दश्श्या यायची शक्यता किती, तर साधारण ३७९ डावांत एकदा. तीन किंवा चार, साधारण २३ डावांत एकदा. आणि आमच्या काकांना त्या आठवड्यातून चार वेळा येत होत्या, माझ्या अंगठ्यामुळे.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतो. बायको म्हणते, पत्ते तर आता खेळत नाहीस, मग कशाला. पण मला ते राहवत नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम पर्सी डायकोनिस नावाच्या गणितज्ञाचं. हा माणूस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर फिरायला निघाला होता आणि पुढे स्टॅनफर्डला प्रोफेसर झाला, म्हणजे पत्ते कसे फसवतात हे त्याला आधी हातांनी माहीत आणि मग गणिताने. त्याने आणि डेव्ह बेयरने १९९२ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात कॅटचे दोन भाग करून फर्रर्र करत एकमेकांत मिसळायची जी पद्धत आहे, कसिनोत वगैरे करतात ती, तिचा हिशोब आहे. ५२ पानांसाठी असं किती वेळा करायचं? साधारण सात वेळा. त्यांनी बेशिस्त मोजायचं एक माप वापरलंय, १ म्हणजे काहीच मिसळलं नाही, ० म्हणजे पूर्ण मिसळलं. चार वेळा पिसलं तरी ते माप १ च्याच जवळ. पाच वेळा ०.९२, सहा वेळा ०.६१, सात वेळा ०.३३, आणि पुढे दर वेळी जवळजवळ निम्मं. म्हणजे आपण दोन-तीनदा फर्रर्र केलं, आवाज छान आला, समोरच्याला वाटलं मिसळलं, आणि गणिताच्या हिशोबाने अजून सुरुवातही झालेली नसते.

हे असं का होतं ते हातात पत्ते घेऊन बघण्यासारखं आहे. एका रंगाची तेरा पानं घ्या, एक्क्यापासून राजापर्यंत क्रमाने, आणि एकदाच फर्रर्र करा. आता वरून बघत जा. एक्का सापडेल, मग दोन-तीन पानं सोडून दुर्री, मग तिर्री, आणि मधेमधे सत्ती, अठ्ठी, नव्वी. दोन साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात पण दोन्ही शाबूत असतात, कुठलीही तुटलेली नसते. दुसऱ्यांदा केलं की जास्तीत जास्त चार साखळ्या, मग आठ, सोळा, पाच वेळा केल्यावर जास्तीत जास्त बत्तीस. आणि अख्खा कॅट बरोबर उलटा लागायचा असेल तर बावन्न साखळ्या हव्यात. म्हणजे पाच वेळा पिसून तो क्रम येऊच शकत नाही, कितीही नशीब असलं तरी. बावन्न पानांचे एकूण क्रम किती, तर ८ वर ६७ शून्यं एवढे, आणि दोन-तीनदाच पिसलं तर त्यातले बहुतेक सगळे आपण आळसाने बाहेर ठेवलेले असतात.

आणि ही झाली चांगली पद्धत. आपली अंगठ्याने ओढायची पद्धत, जी गाडीत, गच्चीवर, गणपतीच्या जागरणाला सगळीकडे चालते, तिच्यावर रॉबिन पेमँटलने १९८९ मध्ये लिहिलंय, आणि तिला तेवढंच मिसळायला हजारो वेळा पिसावं लागतं. हजारो! तीनदा नाही. कारण शेजारी असलेली पानं शेजारीच राहतात, गठ्ठ्याने इकडून तिकडे जातात फक्त. मेंढीकोटमध्ये तर प्रत्येक हातात एकाच रंगाची तीन-चार पानं पडतात, ती तशीच एकत्र गोळा होतात, आणि चार-चारच्या वाटणीत अख्खीच्या अख्खी एकाच्या हातात जाऊन बसतात. मग आपण म्हणतो, आज याचं नशीब बघ.

ब्रिजवाल्यांना उलटा अनुभव आला. तिथे एक-एक पान वाटतात, त्यामुळे चिकटलेली चार पानं चौघांत समान जातात आणि हात सपाट येतात, प्रत्येकाला प्रत्येक रंगाचं थोडं थोडं. स्पर्धांमध्ये कॉम्प्युटरने वाटलेले डाव सुरू झाल्यावर लोकांनी तक्रार केली की हे हात फार विचित्र येतात. विचित्र नव्हतेच ते. तेच खरे होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या मनात न्याय म्हणजे सारखं वाटप असं पक्कं बसलंय, थोडं तुला, थोडं मला, आणि नीट पिसलेला कॅट असं काही वचन देत नाही. तो कोणाला सहा किलवर देईल आणि कोणाला एकही नाही. तो फक्त एवढंच सांगतो की हे कोणालाच आधी माहीत नव्हतं. भाचा म्हणाला होता तेच.

कॉम्प्युटरने केलं म्हणजे झालं असंही नाही हं. तिथे पिसायची सरळ पद्धत आहे, १९३८ मध्ये फिशर आणि येट्स यांनी दिलेली, उरलेल्या पानांतून कुठलंही एक काढायचं, मग उरलेल्यांतून एक, असं शेवटपर्यंत. पण ते 'कुठलंही' आणायचं कुठून? १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर या साइटचं पिसणं काही सॉफ्टवेअरवाल्यांनी फोडून दाखवलं. पिसायची सुरुवात घड्याळावरून होत होती, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून, आणि दिवसभरात मिलिसेकंद असतात फक्त ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ८ वर ६७ शून्यं एवढ्या क्रमांपैकी ८ कोटीच येऊ शकणार. त्यांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं, शक्यता दोनेक लाखांवर आल्या, आणि स्वतःची दोन आणि टेबलवरची तीन अशी पाच पानं बघून बाकी सगळ्यांच्या हातात काय आहे ते सांगता यायला लागलं.

कोर्टाने सुद्धा या पिसण्याचा विचार केलाय. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका क्लबचं प्रकरण होतं, आणि त्यात न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी लिहिलंय की जिथे पत्ते पिसून वाटले जातात तिथे नशिबाचा भाग असतोच, कारण पिसलेल्या कॅटमध्ये पानं कुठे जाऊन बसतील त्यावर वाटणी ठरते. मला वाचताना वाटलं, म्हणजे कौशल्य आणि नशीब यांच्यातली सगळी रेष त्या पिसण्यावर उभी आहे. पिसणारा हात कच्चा असेल तर जिंकणाऱ्याचं कौशल्य खोटं आणि हरणाऱ्याचं नशीबही खोटं.

आणि हे काही फक्त पत्त्यांपुरतं नाही. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनामच्या लढाईसाठी तरुणांची सोडत काढली. वर्षाच्या ३६६ जन्मतारखा एकेक करून प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत घातल्या, त्या डब्या एका खोक्यात टाकल्या, पण महिन्यामहिन्याने भरल्या, आणि मिसळल्या कमी. डिसेंबरच्या शेवटी पडलेल्या, त्या वरच राहिल्या. त्या सोडतीत निघालेल्या क्रमाने १९५ नंबरपर्यंतच्यांना बोलावणं गेलं, आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त ५ तारखांचा नंबर १९५ च्या पुढे होता. कोणाचा वाईट हेतू नव्हता. कोणीतरी खोकं नीट हलवलं नाही. म्हाडाच्या सोडतीच्या दिवशी टीव्हीसमोर बसलेली माणसं बघतो ना, हातात अर्जाचा नंबर धरून, तेव्हा मला हे डिसेंबरमध्ये जन्मलेले पोरगे आठवतात.

माझ्या आईचं माहेर सावंतवाडीचं. तिकडे गंजिफा करतात, लाखेच्या कामाचे गोल पत्ते, दशावतारी कॅट १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. हा गोल पत्ता अंगठ्याने ओढून पिसताच येत नाही, हातातून निसटतो. आईला मी विचारलं तर ती म्हणाली, पिसायचे कशाला, चादरीवर पालथे पसरायचे आणि दोन्ही हातांनी कालवायचे, पीठ मळायच्या आधी कालवतो तसे. लहान मुलं करतात तसं? हो, तसंच. डायकोनिसने हेही तपासलंय, साधे ५२ पत्ते टेबलावर पसरून असे मिनिटभर कालवले तर चांगले मिसळतात. मला खूप बरं वाटलं ते वाचून. पोरं मोठी होताना आपण त्यांना शिकवतो, असे पत्ते खराब करू नकोस, नीट पिस, आणि नीट म्हणजे काय तर ते अंगठ्याने ओढणं.

काकांचा नंबर मिळवायला मला वेळ लागला. ग्रुप कधीच फुटला होता, लॉकडाऊननंतर तर कोण कुठे पत्ताच नाही. शेवटी जुन्या ग्रुपमधल्या एकाकडून लँडलाइन मिळाला. मी फोन केला, ओळख दिली, तो उभा राहायचा तो, पिसायचो तो. त्यांना आठवलं. मग मी सगळं सांगितलं, मेंढ्या वर ठेवायचो, तीनदा पिसायचो, शेवटची चार पानं वाटणाऱ्याला जातात, ३७९ डावांत एकदा वगैरे. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, फक्त टीव्ही.

"म्हणजे बॅग माझ्या मांडीवर होती म्हणून?"

"हो काका."

"तू पिसायचास ना रे," ते म्हणाले. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. "मला वाटायचं, बाकीच्यांचं सोड, पण तुला तरी माहीत असेल मी त्यात काही केलेलं नाही."

मी म्हटलं, काका, मला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, हं. मग त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, आता स्टेशनपर्यंत सुद्धा जाता येत नाही म्हणाले, आणि डोंबिवलीला आलास तर ये. मी गेल्या महिन्यात दोनदा जायचं ठरवलं होतं. या रविवारी जाणार आहे, आणि कॅट बरोबर नेणार आहे, नवीन.